माणसांसकट वढंल

उजवा पंजा पसरून ते बॉनेटवर दोनदा थोपटायचे, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं, आणि मान तिरपी करून विचारायचे, "वढंल का?"

प्रश्न नेहमी गाडीलाच असायचा असं नाही. कुणी बाजारातून बैल आणला की हाच प्रश्न. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा पोलिसात आहे, रंगाने उजळ आहे, घरात रेडिओ आहे, असं सगळं सांगून झालं की हे म्हणणार, "त्ये समदं ऱ्हाऊ दे. वढंल का?" आमच्या ग्रां बुआ गावात संध्याकाळी मुलांना मराठी शिकवायला एक पत्र्याची खोली होती, तिला सगळे बैठका म्हणत. तिथे नवे गुरुजी आले तेव्हा यांनी पहिल्याच दिवशी गुरुजींच्या खांद्यांकडे निरखून पाहिलं आणि तोच प्रश्न टाकला. गुरुजी बिचारे काडीपहिलवान. आपल्याला आता गाडीला जुंपतात की काय, अशी भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली.

उत्तरही तेच द्यायचे. थोडा वेळ बघायचं, ओठ दुमडायचे आणि म्हणायचं, "वढंल, वढंल." एकदा त्यांच्या तोंडून हे निघालं की त्या माणसाला गावात कुणी नावं ठेवत नसे. गुरुजींनी पुढे बरीच वर्षं तो बैठका ओढला.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव घ्यायची वेळच येत नाही. आमचे हे नुसतेच काका होते. वयाने त्यांच्याहून मोठी असलेली माणसंही त्यांना काका म्हणत. त्यांची बायको म्हणून ती काकी.

मी त्या वेळी आमच्या बेटाच्या दक्षिणेकडच्या सावान भागातल्या एका बसवर कंडक्टर होतो. बस तशी चांगली होती, फक्त तिला चढ आवडत नसे. आणि ग्रां बुआला यायचं म्हणजे चढाशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही बाजूला चहाचे मळे, त्याखाली ऊस, वर धुकं, आणि बारा महिने अशी बारीक भुरभुर की छत्री उघडली तर लोक हसतात आणि नाही उघडली तर सर्दी होते. अशा ठिकाणी आमची बस आठवड्यातून एकदा तरी वाफा सोडून उभी राहायची. ड्रायव्हर खाली उतरून टायरला लाथ मारायचा आणि म्हणायचा, "पा कापाव!" म्हणजे आता हिच्याने होणे नाही.

मग धुक्यातून एक घरघर ऐकू यायची. काकांची पिकप.

ती काही साधीसुधी पिकप नव्हती. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या फिनिक्स गावाच्या बाजूला विकायला निघाल्या होत्या, त्यांतली ही. तोंड मोटारीसारखं, पण मागचा भाग लॉरीला शोभेल असा. चाकं माझ्या छातीला लागत. मागे एक लोखंडी आकडा होता, त्याला काकांची साखळी अडकवलेली असायची. गाव तिला कामियों म्हणायचं. कामियों म्हणजे लॉरी. काकांना त्याचा राग. "कामियों न्हाय," ते म्हणायचे, "पिकप हाय ती. घरची गाडी."

पिकप पुढे येऊन उभी राहिली की आमचे उतारू उतरायला लागायचे. बस हलकी केली तर ओढायला बरी, एवढं कुणालाही कळतं. पण काका दोन्ही हात वर करून दरवाज्यात उभे राहायचे. "बसा, बसा! कुनी उतरायचं न्हाय. माणसांसकट वढंल!"

आणि ओढायची. पाटीवाल्या बाया, शाळेची पोरं, कोंबड्यांचे खुराडे, सगळ्यांसकट आमची बस त्या चढावरून धुक्यात वर जायची. ड्रायव्हर मान खाली घालून नुसतं स्टिअरिंग धरून बसायचा. मी तिकिटं फाडत असायचो, आणि मागून एखादी म्हातारी हटकून विचारायची, "तिकीट तुला कशाला द्यायचं रे? वढतोय तर त्यो!" मी तरीही तिकीट फाडायचो.

काका आधी बैलगाडी हाकायचे. साखर कारखान्यावर ऊस वाहायचा त्यांचा जन्माचा धंदा, त्यांच्या बापाचाही तोच. मग कारखान्याने ट्रॅक्टर आणले आणि बैल गेले. बैल गेल्यावर काका काही दिवस नुसते ओट्यावर बसून असायचे, हातात चाबकाची काठी घेऊन. गाडी घेतली ती त्यानंतर. म्हणून ते बॉनेट थोपटायचे आणि उतारावर तोंडाने च्चक्-च्चक् करायचे. गाडी ऐकायची असं त्यांचं म्हणणं होतं.

ती गाडी गावात आली त्या दिवशी चिनी दुकानदाराच्या बाकड्यावर मोठी सभा भरली. मीही होतो. गवंडी म्हणाला, "काडेपेटी आणायला हत्तीवर बसून जाणार काय?" चहाच्या फॅक्टरीतला एक कारकून म्हणाला, "ही वळवणार कुठं? तुमच्या गल्लीत शेळी वळली तर शेजाऱ्याच्या भिंतीला घासते." कुणी म्हणालं, पुढे बसणार तिघं, मग घरची माणसं काय मागे उसासारखी रचायची? कुणी पेट्रोलचं काढलं, म्हणालं, शहाणा माणूस लहान लोतो, म्हणजे साधी मोटार, घेतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रोजच्याला मोठी हाय, मान्य. पन मोठी गाडी ल्हान काम करंल. नडीच्या दिवशी ल्हान गाडी मोठं काम कशी करंल?"

चिनी दुकानदार वजन करता करता शांतपणे म्हणाला, "नड वर्षातनं एकदा येते. पेट्रोल रोज लागतं."

खरं सांगतो, मला दुकानदाराचं पटलं होतं. अजूनही थोडं पटतं. रोजच्या कामाला ती गाडी अवजडच होती. गल्लीतून बाहेर काढताना पुढे-मागे, पुढे-मागे करत शेजाऱ्याच्या केळी दरवर्षी मोडायच्या. रिकामी चालवली तर अशी उडायची की बाजारातून आणलेली अंडी घरी येईपर्यंत कालवण होऊन जात. त्यावर काकांनी उपाय काढला. मागे रेतीची पोती टाकली. ओझं असलं की ही गाडी शहाण्यासारखी चालते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "बैलाचंही तसंच असतंय," ते म्हणाले. "मोकळा सोडला की उंडारतो." तेव्हापासून ती पोती कायमची मागे. लोक हसायचे, की पेट्रोल जाळून रेती फिरवायला नेतात.

पण ती पोती काकींना गाडीत हिसके बसू नयेत म्हणून होती, हे मला नंतर कळलं.

काकींचं माहेर पेती राफ्रेला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही दक्षिणेत, ते उत्तरेत. आई म्हातारी, भाऊ एकटा. काकींना बस लागायची. बसमध्ये बसल्या की डोकं गरगरायचं, आणि पेती राफ्रेला जायला बस बदलत बदलत जावं लागे. वर्षातून दोन वेळा जायच्या त्या अशा, तोंडाला पदर लावून, लिंबू हुंगत. तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. एखादी लहान, जुनी का असेना, मोटार. आणि काकांनी शब्द दिला होता, की गाडी येईल ती तुला आईकडे नेणारी येईल.

आणि आली ही.

काकी दारात आल्या. त्यांनी गाडीच्या दाराकडे पाहिलं, ते त्यांच्या खांद्याच्या वर होतं. मग पायरीकडे पाहिलं, ती त्यांच्या कमरेला लागेल अशी. काकी बुटक्या, आणि नेसायचं लुगडं. सगळं गाव अंगणात उभं होतं.

"अवो, ह्यात मी चढायचं कसं? झाडावर चढल्यासारखी?"

"दोन्ही कामं करंल गो," काका म्हणाले. "ऊस वढंल, आन तुला म्हायेरी नेईल."

"ऊसच वढा," काकी म्हणाल्या. "ही गाडी गावाची. माझी न्हाय." आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फणसाच्या लाकडाची फळी काढली आणि काकींना चढायला पायरी म्हणून एक बुटकं स्टूल करायला घेतलं. आता इथेच त्यांची ती अस्सल आमच्या लोकांची चूक झाली. काकांना सुतारकाम येत होतं, पण आयुष्यात त्यांनी एकच वस्तू केली होती, गणपतीचा चौरंग. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचा चौरंग होता. हात त्याच वळणाचा. त्यांनी पायरी केली ती चौरंगच झाली. चारी पाय कातीव, कडेला वेलबुट्टी, अगदी बाप्पाने येऊन बसावं असा.

काकींनी तो बघितला आणि कानांवर हात ठेवले. "आयो! ह्याच्यावर देव बसतो. मी पाय देऊ?"

काकांना आपली चूक तेव्हा दिसली. मोडून दुसरं करावं तर फणसाचं लाकूड तेवढंच. मग त्यांनी गाडीचा उरलेला हिरवा रंग काढला आणि चौरंग वरून खालपर्यंत हिरवागार करून टाकला. "झालं," म्हणाले. "आता ही पायरी. हिरव्यावर बाप्पा बसत न्हाय."

कोणत्या शास्त्रात लिहिलंय कोण जाणे. काकींना पटलं नाही. हिरवा चौरंग सीटच्या मागे पडून राहिला आणि काकी पुढेही लिंबू हुंगत बसनेच जात राहिल्या. माझ्याच बसने. कधी ती पिकप पुढून साखळी लावून आम्हांला ओढत असली तर काकी खिडकीबाहेर तोंड करून बसायच्या, जणू काही ओढणारा माणूस कुठला कोण. काका आरशातून मागे बघायचे. मला ते दिसायचं, आणि हसू यायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं.

अशी किती वर्षं गेली असती सांगता येत नाही. पण साठ सालच्या सुरुवातीला ते मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आलं.

आमच्या बेटावरच्या माणसाला सिक्लोनचं वर्णन सांगायची गरज नाही, आणि ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. वारा थांबला तेव्हा ऊस सपाट झोपला होता आणि आमच्या घराचं अर्धं छप्पर चहाच्या मळ्यात होतं. बस बंद. रस्त्यावर झाडं आडवी. तारा तुटलेल्या. आणि उत्तरेकडे वाऱ्याने जास्त कहर केला, अशी एकच बातमी फिरत होती. पेती राफ्रेचं कुणी काही सांगत नव्हतं.

काकी अंगणात उभ्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या उत्तरेच्या बाजूला बघत होत्या, जणू तिथून दिसणार होतं. आईचं घर गवताचं आणि पत्र्याचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

काकांनी गाडी काढली. बॉनेटवर थोपटलं. पण या वेळी विचारलं काहीच नाही. मग फिरून पलीकडे आले, दार उघडलं, सीटमागून हिरवा चौरंग काढला आणि चिखलात ठेवला. आणि बाजूला उभे राहिले, मान खाली घालून.

काकी आल्या. वाकल्या. चौरंगाला हात लावून तो हात कपाळाला लावला, वाटेत देवाला पाय लागला तर आपण लावतो तसा. आणि पाय देऊन वर चढल्या.

मी साखळी ओढायला म्हणून बरोबर गेलो. बस बंद होती, मला दुसरं काम नव्हतं, आणि घरच्या छपराला मोठा भाऊ होता.

तो प्रवास मी विसरणार नाही. नुव्हेल फ्रान्स गावापर्यंतच किती झाडं ओढली त्याची मोजदाद नाही. मी उतरायचो, साखळी बुंध्याला गुंडाळायचो, हात वर करायचो, काका गाडी पुढे घ्यायचे, झाड कुरकुरत बाजूला व्हायचं. आमच्यामागे हळूहळू रांग लागली. लहान लहान मोटारी, एक डॉक्टरची, एक पाव नेणारी, काही सायकली. आम्ही वाट मोकळी करायची आणि त्यांनी मागून यायचं. ज्या लोतोंना आमच्या गावाने शहाण्या माणसाची गाडी म्हटलं होतं, त्या सगळ्या त्या दिवशी काकांच्या पाठीला चिकटून चालल्या होत्या. काका एकदाही त्यावरून बोलले नाहीत. दुसरा कुणी असता तर मागे वळून तरी बघितलं असतं. मी तर बघितलंच.

क्युरपीपच्या पुढे उतारावर बदामाचं एक अजस्र झाड पडलेलं होतं. ते खालच्या अंगाला सरकवणं शक्य नव्हतं, वर ओढूनच बाजूला घ्यावं लागणार होतं. काकांनी गाडी उलटी वळवली, तोंड चढाकडे, पाठ झाडाकडे. मी साखळी लावली. काकी दार उघडून उतरायला बघत होत्या, तर काका म्हणाले, "बस गो. माणसांसकट वढंल."

अभिमान माणसाला कुठे नडेल सांगता येत नाही. गाडीने जोर लावला, झाड हललं, आणि चाकाखालचा चिखल सुटला. आता झाडच गाडीला मागे ओढू लागलं. काकांनी ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण गाडी थांबेना. हळूहळू, अगदी सावकाश, ती मागे सरकत होती. आणि मी झाड आणि गाडी यांच्यामध्ये, साखळीत पाय अडकलेला. मी ओरडलो. रांगेतली माणसं ओरडली. काकांना ब्रेकवरून पाय काढता येईना.

तेवढ्यात दार उघडलं आणि काकींनी उडी मारली.

त्या उंचीवरून. लुगड्यासकट. खाली चिखलात दोन्ही पायांवर उतरल्या, हातात हिरवा चौरंग, आणि धावत येऊन त्यांनी तो मागच्या चाकाखाली कोंबला, चूल पेटवताना लाकूड सारावं तसा. चाक चौरंगावर आलं. कडाड आवाज झाला. चौरंगाचा एक पाय गेला, पण बाकीचे चिखलात रुतले आणि गाडी थांबली. मी पाय सोडवून बाहेर आलो.

रांगेतल्या माणसांनी धावत येऊन दगड लावले. काका उतरून आले. तोंड पांढरं पडलेलं. आधी माझे पाय चाचपले. मग काकींकडे बघत राहिले.

"तू उतरलीस?"

"मंग काय करू?" काकी हात झटकत म्हणाल्या. "तुमी येऊन चौरंग ठेवाल म्हणून वाट बघू?"

काका मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "समद्यांनी बाजूला व्हा. रिकामी वढायची." काकांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

पेती राफ्रेला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव ओळखू येत नव्हतं. काकी काच खाली करून प्रत्येक ढिगाऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग एका चिंचेखाली धूर दिसला. तीन दगडांवर भांडं ठेवून एक म्हातारी चहा करत बसली होती. घर नव्हतंच. भिंतीचा एक कोपरा होता, त्यावर कोंबडी.

काका गाडी थांबवून फिरून येईपर्यंत काकी सीटवर बसून होत्या. चौरंगाचे तीनच पाय होते. काकांनी तो ठेवला, चौथ्या बाजूला स्वतःचा गुडघा टेकवला, आणि काकी उतरल्या. आणि आईला मिठी मारून रडल्या, सकाळपासूनचं सगळं.

म्हातारी मात्र जावयाकडे बघत होती. "जावयबापू, हुबे ऱ्हायला लागंल. बसाय कायबी न्हाय. पन च्या हाय."

काकांनी उभ्यानेच चहा घेतला. मग विचारलं, छप्पर कुठं गेलं? काकींचा भाऊ म्हणाला, पत्रे एकसंध उडाले ते शेजाऱ्याच्या उसात पडलेत. काकांनी साखळी घेतली. संध्याकाळी पेती राफ्रेच्या लोकांनी बघितलं, एक हिरवी पिकप अख्खं छप्पर ओढत रस्त्याने येतेय, आणि तिच्यापुढे एक म्हातारी चालत वाट दाखवतेय. "ही गाडी रोजच्याला चांगली का हो?" कुणीतरी कौतुकाने विचारलं. काकांनी खरं तेच सांगितलं. "रोजच्याला न्हाय चांगली. आज चांगली."

घरी आल्यावर काकांनी चौरंगाला चौथा पाय बसवला. कातायला वेळ काढला नाही, सरळ साधा चौकोनी पाय ठोकला. तीन नक्षीचे, एक दांडगा. वर टायरची खूण राहिली होती, ती त्यांनी रंगवली नाही.

आणि मग सुरू झालं ते आमच्या गावाने सात वर्षं बघितलं. काकी त्या गाडीत बसू लागल्या. देवळात, बाजारात, माहेरी. गाडी थांबली की काकी जागच्या हलत नसत. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसायच्या. काका इंजिन बंद करायचे, उतरायचे, सगळी गाडी फिरून यायचे, दार उघडायचे, चौरंग ठेवायचे, पायाने दाबून डुगडुगतो का बघायचे, डुगडुगायचाच, मग खडा शोधून त्या चौकोनी पायाखाली घालायचे. एवढं झालं की काकी उतरायच्या. पाऊस असो, वरात मागे खोळंबलेली असो, त्यात फरक नाही.

बाकड्यावरची मंडळी टवाळी करायची. "काय काका, नवरी आली का घरी?"

"रोजच येते," काका म्हणायचे.

ज्या काळात आमचे पुरुष बायकोच्या चार पावलं पुढे चालत, त्या काळातली ही गोष्ट. बायकोच्या पायाशी वाकलेला नवरा गावाने दुसरा बघितला नव्हता. हसले सगळे. पण मला ठाऊक आहे, की घरोघरी बायकांनी त्यावरून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारले, आणि मीही एक-दोन खाल्ले.

एकदा मी काकींना म्हटलं, "काकी, तुम्हांला तर उडी मारता येते. मी बघितलंय."

"तू तिकिटं फाड," काकी म्हणाल्या.

मग काकांना गाठलं. "काका, काकींना आपलं आपण उतरता येतं की."

"व्हय?" काका निर्विकारपणे म्हणाले. "मी न्हाय बघितलं."

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली. कंडक्टरी सोडून मी ड्रायव्हर झालो तो त्यांच्यामुळे. शिकवताना त्यांनी एकच ताकीद दिली होती, वाटेत अडलेली गाडी दिसली तर पुढे जायचं नाही. मी ती पाळत आलोय, बस भरलेली असली तरी. उतारू बडबडतात. बडबडू देत.

बेटाला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, ते सकाळी गाडीत पाणी घालत होते. बॉनेट उघडं होतं. "जरा बसतो," म्हणाले आणि गाडीच्या पायरीवर बसले. ते तिथून उठले नाहीत.

त्यांना त्यांच्याच गाडीतून न्यावं असं सगळ्यांच्या मनात होतं. काकींनी नको म्हटलं. "जलमभर त्यांनीच सगळ्यांना वढलं. आज तुमी खांदा द्या." आमच्या जुन्या ड्रायव्हरने बस भर रस्त्यात उभी केली आणि खांदा द्यायला आला. उतारूही उतरले. त्या चढावर मी खूप वेळा त्यांच्या साखळीला बांधलेला गेलो होतो. त्या दिवशी ते आमच्या खांद्यावर होते आणि मला रडू आवरलं नाही.

तेरावं झाल्यावर रीतीप्रमाणे काकींचा भाऊ त्यांना माहेरी न्यायला आला. लहानशी, चकचकीत मोटार घेऊन आला होता. काकींनी तिच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "तू चालव. आमच्या गाडीनं जायचं."

क्युरपीपच्या पुढचा तो उतार आला तेव्हा मी गाडी हळू केली. पेती राफ्रेला म्हातारी कधीच गेली होती, पण चिंच होती, आणि ओढून आणलेलं ते छप्पर होतं. मी अंगणात गाडी उभी केली, उतरलो, लोकांना रामराम केला, कुणी पाणी दिलं ते प्यालो.

मग लक्षात आलं की सगळे गाडीकडे बघतायत. काकी सीटवर बसून होत्या. मांडीवर हात, नजर समोर.

मी धावत गेलो. दार उघडलं, सीटमागून चौरंग काढला, खाली ठेवला, पायाने दाबला, खडा शोधायला वाकलो. वर बघतो तर काकी माझ्याकडे बघत होत्या. मोकळं कपाळ मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

"उचल त्यो," त्या हळूच म्हणाल्या. "मला उतरता येतं."

आणि साठीच्या त्या बाईने लुगडं सावरून उडी मारली. दोन्ही पायांवर उतरल्या, थोड्या कोलमडल्या, मला हात धरू दिला नाही. चौरंग माझ्या हातून घेतला, पदराने पुसला आणि तो पोटाशी धरून घरात गेल्या.

काकी माहेराहून ग्रां बुआला परत आल्या, पण वर्षभर त्यांच्याकडे सण नव्हता. पुढच्या वर्षी, बेटावर नवा झेंडा लागला त्या वर्षी, गणपतीला मी आरतीला गेलो. गाडी अंगणात होती, मागे रेतीची पोती तशीच. आत बाप्पा बसला होता, किंचित डाव्या अंगाला कललेला. फुलांच्या खालून हिरवा रंग दिसत होता. तीन पाय नक्षीचे, एक चौकोनी, त्याखाली खडा.

पायाखालची वस्तू देवाखाली, असं कुणीतरी मागे कुजबुजलं. मी काकींच्या जवळ सरकलो. "काकी, काका म्हणायचे, हिरव्यावर बाप्पा बसत नाही."

काकी निरांजनाची वात सारखी करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी इचारलं न्हवं बाप्पाला. म्हटलं, चौरंग जुना हाय, एक पाय लंगडा हाय, माझे पाय लागलेत त्याला. वढंल का?"

"मग?"

काकींनी चौरंगाच्या कडेला, टायरच्या त्या खुणेवर, पंजा पसरून दोनदा थोपटलं.

"वढंल म्हणाला."